वरचं काही देऊ नका

मिरजोळे, रत्नागिरी
८ एप्रिल २०२४

चि. सौ. रसिका हिस,
अनेक आशीर्वाद.

शमिकाला घेऊन तू लांज्याला माहेरी निघून गेलीस त्याला दोन आठवडे झाले. जाताना तू मला सांगितले नाहीस. तू रिक्षात बसलीस हे मला शेजारच्या गंगाकडून कळले. फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय कागदावर लिहिलेल्या शब्दाला माणूस बांधलेला राहतो, आणि या प्रकरणात आपण दोघींनीही बांधलेले असावे असे मला वाटते.

मी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. तू माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसत होतीस, आणि माझ्या भाच्यासाठी, विनीतसाठी, तुझे नाव मी सुचवले ते तुझी मांडणी पाहूनच. त्याच अपेक्षेने घडलेले क्रमाने लिहिते. चुकत असेल तिथे दुरुस्त कर.

शमिका ऑक्टोबरात, सातव्या महिन्यात जन्मली. दीड महिना ती रुग्णालयात काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना परिचारिकेने आपल्याला समोर बसवून सांगितले, "आईचंच दूध द्या. वरचं काही म्हणजे काही देऊ नका." त्याच दमात तिने पावडरीच्या पुड्या आणि थेंबांची बाटली हातात दिली आणि पुडी आईच्या दुधात मिसळून पाजा, असे सांगितले. मुलीला अंगावर ओढण्याची ताकद नव्हती. तू दूध काढून देत होतीस आणि मी ते स्वयंपाकघरात नेऊन बोंडल्याने पाजत होते. पुड्या आणि थेंब मी दिले नाहीत. फेब्रुवारीत खालच्या वाडीतील मथुरा तिला न्हाऊ घालत असताना तिच्या डाव्या दंडाचे हाड मोडले. शिमग्यात पालखी घरी यायची म्हणून तू फडताळ झाडायला काढलेस, तेव्हा तुला त्या पुड्या सापडल्या. मी त्या लपवल्या नव्हत्या, ठेवल्या होत्या. दोन क्रियापदांत अंतर आहे.

आता माझे अनुमान. आईच्या दुधाखेरीज बाळाच्या पोटात जाते ते सर्व वरचे. राजापूरपासून रत्नागिरीपर्यंत कोणत्याही बाईला विचार, ती हाच अर्थ सांगेल. पुडी आईच्या अंगातून येत नाही. म्हणून पुडी वरची. आणि वरचे काही देऊ नये, असा स्पष्ट निषेध होता. या साखळीतील कोणती कडी सदोष आहे ते दाखव.

ते दाखवता येत नसेल तर परत ये. मुलीच्या तपासण्या आणि तिच्या हातापायांचे व्यायाम रत्नागिरीत व्हायचे आहेत. रागासाठी तिला त्यांपासून दूर ठेवणे हा अपराध ठरेल, आणि तो माझ्याकडून झालेला नसेल.

तुझी,
दमयंतीआत्या

*

लांजा
१९ एप्रिल २०२४

तीर्थरूप आत्या यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही सगळं क्रमाने लिहिलंत, फक्त मधली एक गोष्ट गाळलीत, आणि मी घर सोडलं ते त्या गाळलेल्या गोष्टीसाठी.

हात मोडला त्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं, "पावडर आणि थेंब चालू आहेत ना?" मी हो म्हटलं. त्याआधीच्या प्रत्येक तपासणीलाही मी हो म्हणत आले होते, कारण प्रत्येक वेळी नवी पाकिटं आणून मी तुमच्याच हातात देत होते. आई "हो" म्हणते म्हटल्यावर डॉक्टरांनी कारण दुसरीकडे शोधलं. बाळाला कोण चोळतं, असं विचारलं. मी मथुराबाईंचं नाव सांगितलं. त्या संध्याकाळी मथुराबाई आपल्या दारात आल्या, रडत होत्या, पोरीचा हात कसा आहे एवढंच विचारायला. तेव्हा तुम्ही ओटीवर उभ्या राहून, पाच-सहा बाया ऐकत असताना म्हणालात, "मथुरे, तुझ्या हाताला विचार नाही. या हाताने पुन्हा कोणाचं मूल घेऊ नकोस."

आत्या, अख्ख्या मिरजोळ्याची मुलं त्या बाईने पायांवर घेऊन न्हाऊ घातली आहेत. त्या दिवसापासून त्यांना कोणी बोलावत नाही. तुम्ही सांगितलेलं वाडीत कोणी तपासून पाहत नाही, तुम्हालाच विचारून सगळे आपापले तंटे मिटवतात.

पुड्या सापडल्यावर मी त्या घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी क्ष-किरणाचा फोटो परत उजेडासमोर धरला आणि पहिल्यांदा मला नीट दाखवला. हाडं धुरासारखी दिसत होती. मूल पोटात असताना शेवटच्या दोन महिन्यांत आईकडून त्याच्या हाडांत चुना भरला जातो, ते म्हणाले. जे मूल त्या आधीच बाहेर आलं, त्याची ती भर राहून जाते. आईच्या दुधात सगळं असतं, पण तेवढं नसतं. म्हणून पुडी, म्हणून थेंब. अशा मुलाचा हात झबलं घालतानाही मोडू शकतो.

तुम्ही कडी विचारलीत म्हणून सांगते. ती पुडी वरची नव्हती. मी पोटात द्यायची ती राहून गेलेली वस्तू होती. ती आतली होती.

माझं मागणं एकच आहे. खालच्या वाडीत जा आणि त्याच बायांसमोर म्हणा की, शमिकाचा हात मथुरेच्या हाताने मोडला नाही. कशाने मोडला ते सांगू नका हवं तर. तुम्ही ते म्हणाल त्या दिवशी मी शमिकाला घेऊन तुमच्या दारात असेन.

तुमची,
रसिका

*

मिरजोळे
२ मे २०२४

चि. सौ. रसिका हिस,
आशीर्वाद.

"वरची नव्हती, आतली होती" हे वाक्य वक्तृत्व म्हणून चांगले आहे. पण शब्दाचा अर्थ लोकव्यवहाराने ठरतो, क्ष-किरणाने ठरत नाही. परिचारिकेने लोकांचा शब्द वापरला. मी त्याचा लोकांचा अर्थ घेतला. तिच्या मनात दुसरा अर्थ असेल तर तो तिने सांगायला हवा होता.

मथुरेविषयी. हाड तिच्या हातात मोडले, ही प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट आहे. ते आधीच कमजोर होते, हे नंतर काढलेले अनुमान. पावसाने भिजलेला दगडांचा गडगा गाय टेकल्यावर ढासळला, तर गडगा गायीने पाडला असेच आपण म्हणतो. पावसाचे नाव कोणी घेत नाही. मी त्या संध्याकाळी बोलले ते त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवर बोलले, आणि पुराव्याच्या मर्यादेत ते रास्त होते.

तू मागतेस ते वाक्य वरकरणी लहान आहे. पण "मथुरेने मोडला नाही" म्हटले की पुढचा प्रश्न कोणीही विचारील, आणि त्याचे उत्तर मला खालच्या वाडीच्या पायरीवर उभे राहून द्यावे लागेल. या घराण्यात शाळेची पायरी चढलेली पहिली मुलगी मी. माणसे माझ्याकडे येतात ती माझा शब्द पक्का असतो म्हणून. परिचारिकेच्या एका वाक्याचा अर्थ मला लागला नाही, असे म्हणणाऱ्या बाईकडे उद्या कोण येईल, आणि का यावे?

एक गोष्ट तुला माहीत नाही, विनीतलाही धड माहीत नाही. त्याच्या आधी माझ्या भावाला एक मुलगा होता. वहिनीला दूध नव्हते, म्हणून डब्याची पावडर आणली. ती विहिरीच्या पाण्यात कालवून देत. मूल हगवणीने गेले. पावडर म्हणजे काय ते या घराने पाहिलेले आहे. हा मी युक्तिवाद म्हणून देत नाही. केवळ माहिती म्हणून देते.

मुलीला घेऊन ये.

दमयंतीआत्या

*

लांजा
२० मे २०२४

आत्या,
नमस्कार.

विनीतच्या भावाचं वाचलं. हे तुम्ही मला नोव्हेंबरात सांगितलं असतंत, तर आपण दोघी मिळून त्या पुडीला घाबरलो असतो, आणि दोघी मिळून डॉक्टरांना विचारायला गेलो असतो. तुम्ही ते पत्रात "केवळ माहिती" म्हणून लिहिलंत. तीच खरी गोष्ट होती आणि तिला तुम्ही सगळ्यांत शेवटी बसवलंत.

मला आता कळतं ते असं. पुडी तुम्ही तर्काने थांबवली नाहीत. भीतीने थांबवलीत, आणि तर्क मागाहून तिच्या दारात राखणीला बसवलात.

आणि तो तर्कही, आत्या, तुमच्या पद्धतीचा नाही. सामान्य नियम आणि विशेष नियम समोरासमोर आले तर विशेष नियम सामान्याला बाधतो, हे तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतंत. "वरचं देऊ नका" हा सामान्य नियम. "ही पुडी द्या" हा विशेष. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मी हे उलटं लिहिलं असतं, तर तुम्ही पेपर माझ्या अंगावर टाकला असतात. शब्दाचे दोन अर्थ असताना बोलणाऱ्याच्या मनातला सोडून सोयीचा धरणं, याला छल म्हणतात हेही तुमच्याच वर्गात शिकले. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, छल करणारा वाद जिंकतो आणि गोष्ट हरतो.

"मला नीट ऐकू आलं नाही," असं तुम्ही म्हणाला असतात तरी मी विषय तिथेच सोडला असता. कदाचित तेच खरंही असेल. पण बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा तुम्हाला बरोबर असणं बरं वाटतं.

गडग्याचं म्हणाल तर गडगा गायीने पाडला असं म्हणतात खरं. पण ज्याने तळाचे चिरे रोज एकेक काढून नेले, तो काठी घेऊन गायीच्या मागे लागत नाही. आणि गाय टेकली तरी होती. मथुराबाईंनी तर पोरीला फक्त पायांवर घेतलं होतं. मी शेजारी बसले होते, टॉवेल घेऊन. त्यांनी हात उचलला तेवढ्यात ती किंचाळली.

विनीत म्हणतो, "सोडून दे गं, म्हातारी आहे, तिनेच मला वाढवलंय." त्याने सोडलं आहे. त्याला सोडायला सोपं, त्याचं नाव कोणी घेतलेलं नाही.

मागणं तेच.

रसिका

*

मिरजोळे
१४ सप्टेंबर २०२४

चि. रसिका हिस,
आशीर्वाद.

मेमधील तुझ्या पत्राला मी उत्तर दिले नाही, कारण त्यात प्रतिपादन कमी आणि मनोविश्लेषण अधिक होते. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कळते असे ज्याला वाटते त्याच्याशी वाद होऊ शकत नाही. विशेष नियमासंबंधी तुझा आक्षेप विचारार्ह आहे. तो मी फेटाळलेला नाही. बाजूला ठेवलेला आहे.

गणपतीला विनीत नोकरीच्या गावाहून एकटा आला. पाच दिवस तो माझ्याशी जेवणाखेरीज कशाविषयीच बोलला नाही. जाण्याच्या दिवशी मी त्याला पाटी देऊन त्यावर मुलीचे वर्तमान लिहायला लावले. त्याने लिहिले, "अजून बसत नाही." मूल अकरा महिन्यांचे आहे, रसिका. अकराव्या महिन्यात या वाडीतील मुले उंबरठा ओलांडतात. तू तिला रत्नागिरीपासून दूर नेलेस, व्यायाम थांबले, आणि त्याचा परिणाम हा असा समोर आहे. एप्रिलमध्येच मी बजावले होते. हाडाच्या बाबतीत मला कारण ठरवतेस. मग या बाबतीत कारण कोण, हेही त्याच न्यायाने ठरव.

विनीतच्या हाती नाचणीचे सत्त्व पाठवले आहे. नाचणी मी स्वतः भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून वाळवली आहे. हाडांना चुना हवा असे तू लिहिले होतेस. नाचणीत तो असतो. आता ती अन्न खाण्याच्या वयाची आहे, तेव्हा हे वरचे आहे असा आक्षेप तुला घेता येणार नाही.

दमयंतीआत्या

*

लांजा
२७ सप्टेंबर २०२४

आत्या,

व्यायाम थांबलेले नाहीत. एकाआड एक मंगळवारी मी शमिकाला घेऊन लांज्याहून एसटीने रत्नागिरीला येते. एप्रिलपासून एकही वारी चुकलेली नाही. पावसात पालीजवळ रस्त्यावर झाड पडलं होतं, त्या दिवशी बाबांनी तिला छत्रीखाली खांद्यावर घेऊन पलीकडे उभ्या असलेल्या टेम्पोपर्यंत नेलं. तपासणी होते, वजन होतं, व्यायाम शिकवणाऱ्या बाई नवीन काही दाखवतात ते शिकून आम्ही परत येतो.

गाडी मिरजोळ्याच्या वळणावरून जाते. खिडकीतून तुमच्या घराचं पत्र्याचं छप्पर आणि अंगणातल्या तुम्ही दिसता. मी म्हणून तिला घेऊन गाडीत पलीकडच्या बाजूला बसते. तुम्हाला हे सांगायचं नव्हतं. तुम्ही मला कारण ठरवलंत म्हणून सांगितलं.

आता वयाचं. सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलाचं वय ते आलं त्या दिवसापासून मोजत नाहीत. ते यायला हवं होतं त्या दिवसापासून मोजतात. शमिका डिसेंबरच्या अखेरीस यायची होती. तिच्या हिशेबाने ती नऊ महिन्यांचीही झालेली नाही. उशीवर रेलून बसते, खेळणं दिलं तर एका हातातून दुसऱ्या हातात घेते, माझ्या बाबांच्या मिशीला हात घालते. विनीतने पाटीवर चार शब्द जास्त लिहिले असते तर तुम्हाला कळलं असतं. पण त्याला तुमच्यासमोर लांब वाक्य लिहायची लहानपणापासून भीती वाटते.

ती आता मऊ भात खाते, मुगाचं वरण, उकडलेला बटाटा, आणि बांगड्याचा काटा काढून कुस्करलेला एक तुकडा. डॉक्टर म्हणाले हळूहळू, चमच्याएवढ्या घासाने, ती तोंड उघडेल तेवढंच. त्याप्रमाणे देते. थेंब चालू आहेत. ते मी माझ्या हाताने घालते.

तुमचा नाचणी सत्त्वाचा डबा पोचला. चांगला असणार यात शंका नाही, तुमच्या हातचं काही कमअस्सल नसतं. डबा न उघडता फडताळात आहे. लपवला नाही. ठेवला आहे.

रसिका

*

मिरजोळे
१० डिसेंबर २०२४

रसिका,

तुझे पत्र आल्यापासून मंगळवारी सकाळी मी अंगणात बसत नाही. तुला कळावे म्हणून लिहिते, त्याचा अन्य अर्थ काढू नकोस.

वय मोजण्याची रीत मला ठाऊक नव्हती. ती योग्य वाटते. ज्याचा आरंभच आधी झाला त्याला आरंभापासून न मोजता अपेक्षेपासून मोजावे, हे न्यायाला धरून आहे. माझा त्या बाबतीतला आक्षेप मी मागे घेते.

मथुरेच्या बाबतीत तुझे समाधान व्हावे म्हणून मी एक पाऊल उचलले, ते तुला कळवते. गेल्या गुरुवारी मी स्वतः खालच्या वाडीत गेले. मथुरा अंगणात काजूच्या बिया सोलत बसली होती. चिकाने तिची बोटे काळी पडली आहेत. गंगा आणि आणखी तिघी-चौघी तिथे होत्या, हे पाहूनच मी बोलले. मी म्हटले, "मथुरे, माझे गुडघे हल्ली दुखतात. रोज सकाळी घरी येऊन तेल लावून देशील का?" तू समजू शकशील की मी, त्याच बायांसमोर, माझे स्वतःचे शरीर तिच्या हाती द्यायला तयार आहे असे म्हटल्यावर वेगळे काही म्हणण्याची गरज राहत नाही. विधान हे नेहमी शब्दांनीच करावे लागते असे नाही.

ती उठली नाही. मान वर करून मोठ्याने, मला ऐकू जावे म्हणून, म्हणाली, "बाय, तुमची हाडं म्हातारी. येखादं मोडलं तर परत माज्याच नावावर."

गंगा पदर तोंडाला लावून हसली. बाकीच्याही हसल्या असाव्यात. मी परत आले.

मी दिलेली संधी तिने सर्वांसमक्ष नाकारली. उत्तरही असंबद्ध होते, कारण मी तिच्यावर कोणताही नवा आरोप केला नव्हता. आता या प्रकरणातील माझे दायित्व संपले असे मी मानते. तू घातलेली अट शब्दशः पूर्ण झालेली नसली तरी तिचा हेतू पूर्ण झाला आहे. शमिकाला कधी आणतेस ते कळव. मी ओटीवरची जाजमे धुवून ठेवली आहेत.

दमयंती

*

लांजा
२७ फेब्रुवारी २०२५

मॅडम,

लग्नाआधी मी तुम्हाला हेच म्हणत होते. आज हा एवढाच शब्द माझ्याकडून खरा निघतो.

तुम्ही खालच्या वाडीत गेलात हे मला तुमच्या आधी मथुराबाईंकडून कळलं होतं. कारण मीही तिथे जाते. तपासणी लवकर आटोपली तर परतीच्या गाडीपर्यंत वेळ असतो, तेव्हा रिक्षा करून खालच्या वाडीत जाते. तुमच्या दारावरून जावं लागत नाही, नदीकडून दुसरी वाट आहे.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. पुडीचं, थेंबांचं, हाडात न भरलेल्या चुन्याचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू सांगतेस ता खरा असंल गो. पण बाय सांगत नाय." मी पोरीची आई, तिथे सगळं डोळ्यांनी पाहिलेली, आणि माझं सांगणं त्या वाडीत चालत नाही. तुमचं न सांगणं चालतं.

त्यांच्या सुनेला दिवाळीत मुलगा झाला. बाळाला न्हाऊ घालायला सुनेने वरच्या आळीतली बाई बोलावली. मथुराबाई चुलीवर पाणी तापवून देतात आणि बाहेर अंगणात जाऊन बसतात. सुनेने त्यांना नको म्हटलेलं नाही. त्यांनीच नको म्हटलं. मी विचारलं तर हात पुढे करून उलटेसुलटे बघत म्हणाल्या, "काय सांगावा. असंल पन यांच्यात कायतरी." मॅडम, तुमचा शब्द इतका पक्का आहे की ज्या बाईला तो खोटा असल्याचं कळलंय तिचाही त्यावर विश्वास बसला.

आता परवाचं. शमिका हल्ली धरून उभी राहते. मथुराबाईंच्या अंगणात काजूच्या टोपलीला धरून उभी होती. गेल्या आठवड्यात तिला पहिला शब्द आला आहे. तिला उचलून घ्यायचं असलं की ती म्हणते, "वर." परवा ती मथुराबाईंकडे तोंड करून उभी होती. तिने टोपली सोडली, दोन्ही हात उंच केले आणि म्हणाली, "वर."

दोन्ही हात सारखे वर जातात. डॉक्टर म्हणाले, फोटो पाहिल्याशिवाय कोणाला कळणारही नाही कोणता मोडला होता.

मथुराबाईंनी आपले हात पदराखाली घेतले. म्हणाल्या, "मी नाय गो बाय. आयेकडं जा." शमिकाला ते काय कळणार. ती हात वर करून तशीच उभी राहिली, परत म्हणाली, "वर," आणि तोल जाऊन खाली बसली. मग मी तिला उचललं. मथुराबाई आत निघून गेल्या, त्या आमची रिक्षा येईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

तुम्ही तुमचे गुडघे देऊ केलेत. त्यांचं वाक्य तुम्हाला असंबद्ध वाटलं. या प्रकरणात मी ऐकलेलं सगळ्यांत सुसंबद्ध वाक्य तेच आहे.

यंदा शिमग्याला मी येणार नाही. पालखीसमोर ओटी भरायला गंगाताईंना सांगा. शमिकाला आणण्याची अट मी मागे घेते, आणि आणण्याचा शब्दही. तुम्ही आता ते वाक्य म्हणालात तरी मी येईन असं मला वाटत नाही. तरी ते म्हणा. माझ्यासाठी म्हणू नका.

रसिका

*

मिरजोळे
१८ मार्च २०२५

रसिका,

पत्र मिळाले. पालखी येऊन गेली. ओटी गंगाने भरली. फडताळ यंदा कोणी झाडले नाही.

तुझे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. शब्दाचे अनेक अर्थ संभवत असतील तर बोलणाऱ्याच्या गरजेकडे पाहून अर्थ ठरवावा, असाही एक नियम आहे. मी तो शिकवीत असे. परीक्षेत त्यावर क्वचितच प्रश्न येई. तिथे त्या अंगणात "वर" या शब्दाचा अर्थ एकच होता. याविषयी माझा कोणताही प्रतिवाद नाही.

काल मी खालच्या वाडीकडे निघाले होते. नदीकडच्या वाटेने, तू जातेस तिने. नदीवरच्या साकवापर्यंत गेले. पलीकडे मथुरेचे अंगण दिसते. ती नातवाची दुपटी वाळत घालत होती. तिने मला पाहिले आणि हातातले दुपटे तसेच टाकून घरात गेली. मला जे म्हणायचे होते ते मोठ्याने म्हटले तर ऐकायला तिथे कोणी नव्हते. मी परतले. मी ते वाक्य म्हटले असा याचा अर्थ होत नाही, हे मला कळते.

नाचणीच्या डब्यात आतापर्यंत पोरकिडे झाले असतील. टाकून दे.

मंगळवारी मी आता अंगणाकडची खिडकीही लावून घेते. गाडी वळणावरून जाताना तुला बाजू बदलायला नको. माझ्या घराकडच्या बाजूने समुद्राकडचे आभाळ दिसते. मुलीला तिथे बसव.

दमयंती